टिचकी पाल आणि टोपऱ्यातला डबा

एक होती पाल. इवलीशी. हरभऱ्याएवढं डोकं, काडीएवढं शेपूट. नाव तिचं टिचकी.

टिचकी राहायची आजी-आजोबांच्या घरी. कॉम्प्युटरच्या मागे. आजोबा कॉम्प्युटरला म्हणायचे डबा. संध्याकाळ झाली की आजोबा डबा लावायचे. पडदा उजळायचा. लख्ख! उजेडाला यायची चिलटं. भुण भुण भुण. टिचकी यायची पुढे. सर सर सर. जीभ काढायची. लप्प! एक चिलट. लप्प! दुसरं चिलट. पोट टुम्म!

मग ती खूश व्हायची. म्हणायची, "चुक चुक!"

लगेच आजी टेबलावर बोट वाजवायची. टक टक. म्हणायची, "कृष्ण कृष्ण! खरं ते!" पाल चुकचुकली की बोललेलं खरं असतं, असं आजीचं म्हणणं.

आजी होती फार मायाळू. डब्यावर धूळ बसेल. डब्याला थंडी वाजेल. म्हणून तिनं विणलं टोपरं. लाल लोकरीचं. वर गोंडा. घातलं डब्याला! तुम्ही घालता का कॉम्प्युटरला टोपरं? नाही ना? आजीनं घातलं.

डब्याला झालं गरम. मग आणखी गरम. मग... फुस्स!

उजेड गेला. चिलटं गेली. टिचकीचं जेवण गेलं.

टिचकी गेली डब्याकडे. सर सर सर.

"डब्या डब्या, लाग की!"

"मी नाही लागत, जा! मी म्हातारा. त्यात घातलं टोपरं. आजोबा नवा आणतील, तो लागेल."

टिचकी गेली आजोबांकडे. सर सर सर.

"आजोबा आजोबा, नवा डबा आणा की!"

"का गं टिचके?"

"डबा लागेना,
चिलट येईना,
मी खाऊ काय?"

"मी नाही आणत, जा! आजी हो म्हणेल, तेव्हा आणेन. तिला न विचारता मी कोथिंबीरसुद्धा आणत नाही."

टिचकी गेली आजीकडे. सर सर सर. आजी मटार सोलत होती.

"आजी आजी, हो म्हण की!"

"का गं टिचके?"

"आजोबा आणेनात,
डबा लागेना,
चिलट येईना,
मी खाऊ काय?"

"मी नाही हो म्हणत, जा! मला त्यातलं काय कळतं? अक्षरं असतात तिळाएवढी. लेक निवडेल, तेव्हा हो म्हणेन."

लेक सुनेत्रा आली होती माहेरी. बसली होती पाय पसरून, लोणच्याची फोड चोखत.

टिचकी गेली लेकीकडे. सर सर सर.

"ताई ताई, डबा निवड की!"

"का गं टिचके?"

"आजी हो म्हणेना,
आजोबा आणेनात,
डबा लागेना,
चिलट येईना,
मी खाऊ काय?"

"मी नाही निवडत, जा! खालच्या दुकानात सगळे महागडे. एकाला रंगीत दिवे, एकाला पंखेच पंखे. माझ्या आईबाबांना काय विमान उडवायचंय? साधा हवा, स्वस्त हवा, अक्षरं मोठ्ठी हवीत. शेठ तसला दाखवतील, तेव्हा निवडेन."

घराच्या खालीच होतं दुकान. टिचकी गेली भिंतीवरून खाली. सर सर सर.

"शेठ शेठ, स्वस्त डबा दाखवा की!"

"का गं टिचके?"

"लेक निवडेना,
आजी हो म्हणेना,
आजोबा आणेनात,
डबा लागेना,
चिलट येईना,
मी खाऊ काय?"

"मी नाही दाखवत, जा! तसलं खोकं एकच आहे. त्यावर झोपलंय मांजर. झोपलेल्याला उठवलं तर पाप लागतं. मांजर उठेल, तेव्हा दाखवेन."

आणि शेठ हळूच मिशीत हसले. मांजर झोपलेलं बरं! तोवर महागडे डबे खपतात. आहेत की नाही शेठ लबाड?

टिचकी गेली मांजराकडे. पण जवळ नाही हं! छताला चिकटली आणि वरूनच ओरडली.

"मनीताई मनीताई, ऊठ की!"

"का गं टिचके?"

"शेठ दाखवेनात,
लेक निवडेना,
आजी हो म्हणेना,
आजोबा आणेनात,
डबा लागेना,
चिलट येईना,
मी खाऊ काय?"

"मी नाही उठत, जा! ऊन कसं छान पडलंय. मुंगी चावेल, तेव्हा उठेन. तू खाली ये ना जरा. शेपूट बघू तुझं!"

टिचकीनं शेपूट पटकन आवरलं.

टिचकी गेली मुंगीकडे. सर सर सर.

"मुंगे मुंगे, मांजराला चाव की!"

"का गं टिचके?"

"मांजर उठेना,
शेठ दाखवेनात,
लेक निवडेना,
आजी हो म्हणेना,
आजोबा आणेनात,
डबा लागेना,
चिलट येईना,
मी खाऊ काय?"

"मी नाही चावत, जा! मांजरानं माझं काय वाकडं केलंय?"

झालं! आता कुणाकडे जायचं? कुणीच उरलं नाही. टिचकीला रडू आलं. पोटात कावळे ओरडले. काव काव काव!

टिचकीनं डोळे पुसले. मग मुंगीकडे पाहिलं. मुंगी होती गुबगुबीत. टिचकीनं पुन्हा पाहिलं. जीभ काढली. लांऽऽब!

"मुंगे मुंगे, मी खाऊ काय? तुलाच खाऊ काय?"

"थांब थांब!" मुंगी ओरडली. "चावते, चावते!"

मुंगी पळाली. तुरु तुरु तुरु. मांजराला चावली. कच्च!

मांजर उठलं. म्याँऽऽव! ते थेट रस्त्यावर.

टिचकी सर सर वर गेली, लेकीला सगळं सांगून आली. लगेच दुकानात आली लेक. तिच्या मागे आजी. आजीच्या मागे आजोबा. लेक म्हणाली, "शेठ, मांजर उठलं! आता दाखवा ते खोकं."

शेठनी डोकं खाजवलं. मिशी ओढली. शेवटी खोकं दाखवलं.

लेकीनं पाहिलं. पडदा मोठा. अक्षरं बोराएवढी. डबा छोटा, किंमत त्याहून छोटी. "हाच!" म्हणाली. लेकीनं निवडला.

पण आजी म्हणाली, "अगं बाई, इतका छोटा? चालेल का हो शेठ?"

शेठ म्हणाले, "चालेल हो आजी. तुम्हाला पुरून उरेल."

छतावरून आवाज आला, "चुक चुक!"

आजीनं टेबलावर बोट वाजवलं. टक टक. "कृष्ण कृष्ण! खरं ते!"

शेठ घाईघाईनं म्हणाले, "पण तो मोठा आणखी छान चालेल! दिवेसुद्धा आहेत!"

आजीनं वर पाहिलं. आजोबांनी वर पाहिलं. लेकीनं वर पाहिलं. शेठनी पण वर पाहिलं.

टिचकी गप्प. एकदम गप्प. तोंड घट्ट मिटून बसली.

"नाही हो चुकचुकली," आजी म्हणाली. "छोटाच द्या!"

आजीनं हो म्हटलं. आजोबांनी आणला. डबा मेजावर बसला. लेक म्हणाली, "आई, याला टोपरं नको हं!"

"बरं बाई," आजी म्हणाली. टोपरं गेलं आजोबांच्या टकलावर. गोंडा हलला. डुग डुग डुग.

संध्याकाळ झाली. आजोबांनी बटण दाबलं. नवा डबा लागला. लख्ख!

चिलटं आली. भुण भुण भुण. एक चिलट बसलं पडद्यावर, अगदी मधोमध. आजोबांनी हात उचलला. "हट्!"

आजीनं हात धरला. "राहू द्या हो. ते टिचकीचं ताट आहे."

टिचकी आली पुढे. सर सर सर. लप्प! एक चिलट. लप्प! दुसरं चिलट. लप्प लप्प लप्प! पोट टुम्म!

मुंगीला मात्र नाही खाल्लं हं.

टिचकीचं पोट भरलं,
गोष्टीचं शेपूट सरलं!