मुंडाशाची खुंटी

कुसरी नदीच्या वळणावर, निंबारी गावाच्या खालच्या अंगाला, एक बुटकं टेकाड आहे. थंडीत सगळी दरी दंवाने भिजते, टेकाड मात्र कोरडं. उत्खननवाले एकदा आले, त्यांनी कोपरा उकरला, ओळीने उभे असलेले विटांचे ठेंगणे खांब पाहिले आणि माती ओढून निघून गेले. पुन्हा कुणी फिरकलं नाही. पाहुण्यांना गावातले म्हातारे केरूनाना तिथवर नेतात, पण स्वतः टेकाडावर पाय ठेवत नाहीत.

असं सांगतात, की फार पूर्वी समुद्रापलीकडच्या रोमहून आलेल्या एका यवन व्यापाऱ्याने इथे घर बांधलं. पाय गारठू नयेत म्हणून त्याने घराची जमीन त्या खांबांवर तोलली. खालच्या पोकळीत बाहेरच्या भट्टीची धग खेळायची. भट्टी पेटवायची निंबारीची साळू. तिचा नवरा कान्हू अधूनमधून पोटावर सरपटत आत जाऊन काजळी खरवडायचा. दोघांत एक खूण ठरलेली होती. आत शिरताना कान्हू आपलं मुंडासं भट्टीच्या तोंडाशी खुंटीला टांगायचा. ते दिसलं की साळू विस्तवाला हात लावत नसे.

एकदा यवनाने दरीतल्या गावोगावच्या पाटलांना जेवायला बोलावलं. साळू लाकडांची मोळी घेऊन आली, तर खुंटी रिकामी. "आज स्वारी लवकर आटोपून नदीवर गेली वाटतं," असं स्वतःशीच हसत तिने भट्टी पेटवली. जाळ आत ओढला गेला.

आणि आतून ठोका आला.

"तापल्या विटा कडकडतात गं," यवनाचा कारभारी म्हणाला. "लाकडं घाल. मंडळी बसलीत."

"ह्यांना कुठं पाहिलंत का?"

"तुझा नवरा, तुलाच ठाऊक! आणि ते मळकट फडकं पुन्हा इथं टांगायचं नाही, सांग त्याला. पाहुण्यांनी तेच बघायचं का? मीच काढून टाकलं."

साळूला उमगलं, कान्हू आतच होता. तिने जळती लाकडं हातांनी बाहेर ओढली. पण आत धूर कोंडला होता, धग मुरली होती. उखळातलं मुसळ उचलून ती धावत सुटली आणि थेट पंगतीत शिरली. जमीन फोडायची, एवढंच तिला कळत होतं. पण कुठे फोडायची? ठोका ऐकू यायला हवा होता, आणि वाजंत्री जोरात चालली होती.

"गप्प बसा!" ती किंचाळली. "जरा गप्प बसा, खालचं ऐकू द्या!"

"कुणाची ही? बांधा की हिला," एक पाटील म्हणाला. हशा पिकला.

वाजंत्री थबकली ती घाबरून. त्या शांततेत ठोका सगळ्यांनी ऐकला. पाटांच्या खाली, त्यांच्या मांड्यांखाली. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. कुणी उठलंही नाही. कारभाऱ्याने बोट हलवलं आणि वाजंत्री दुप्पट जोराने सुरू झाली. साळू इकडे घाव घाली, तिकडे घाली. अखेर फरशी फुटली, तेव्हा खालून धुराशिवाय काही आलं नाही.

तिने काळ्या हातांनी पंगतीकडे पाहिलं. "तुम्ही ऐकलंत," ती म्हणाली. "आता तुमची लेकरंबाळंही ऐकतील."

यवन मिळेल त्या गलबताने निघून गेला. भट्टीचं तोंड चिखलाने बुजवलं, तरी म्हणे जमीन निवाली नाही. आणि दरीत ज्याच्या घरी पंगतीची चूल पेटे, त्याला खालून ठोका ऐकू येई.

"यवनाला शिव्या घालणं सोपं आहे," केरूनाना पाहुण्यांना सुनावतात. "कान्हू आमचा, तसे पंगतीतलेही आमचेच. मी त्यांच्याच वंशातला."

आजही निंबारीत लग्न असो वा बारसं, चुलाण पेटवण्याआधी घरची थोरली बाई जमिनीवर मुसळ आपटते आणि विचारते, "आत कोण हाय का?" वाजंत्री थांबते. पोरं गप्प होतात. सगळं गाव कान देऊन उभं राहतं. त्या वेळी बसायची कुणालाही मुभा नाही.

"आणि उत्तर आलं तर?" एखादा पाहुणा हसत विचारतो.

नाना हसत नाहीत. "म्हणून तर भात शिजेपर्यंत बाई मुसळ खाली ठेवत नाही."