घोरासुराची वीस बोटं

डोळे मिटा पाहू. कान तेवढे उघडे ठेवा.

एक राजा होता, पण गोष्ट काही त्याची नाही. गोष्ट आहे त्याच्या धाकट्या मुलीची. तिचं नाव शेवंती. नाव फुलाचं आणि स्वभाव मिरचीचा, बरं का!

राजाच्या नगराला पाणी यायचं ते डोंगरातल्या एका झऱ्याचं. एकदा काय झालं, घोरासुर नावाचा राक्षस चालून चालून दमला आणि टेकला तो नेमका झऱ्याच्या तोंडावर. टेकला तो टेकलाच. झालं, झरा बंद! विहिरी आटायला लागल्या. म्हशी कोरड्या हौदातून जिभा फिरवून परत जायला लागल्या.

मग राजा डोंगरावर गेला. हात जोडून म्हणाला, "राक्षसमहाराज, जरा उठता का?"

"उठवत नाही रे," घोरासुर कण्हला. "पोटात कावळे ओरडतायत. मला जेवायला घाल, आत्ता उठून जातो. पण नीट ऐक. मी भाकरी खातो आणि लाडू खातो, तिसरं काही नाही. माझी बोटं वीस, हातापायांची मिळून. मी नखाला टोचून खातो. प्रत्येक बोटाला एक भाकरी नाहीतर एक लाडू. बोट रिकामं राहिलेलं मला खपत नाही आणि एका बोटाला दोन बसत नाहीत."

शी काय म्हणता? राक्षस होता तो! तो पायाच्या बोटांनीही खायचा.

"दुसरं," घोरासुर म्हणाला, "माझ्या पोटाला छत्तीस कोपरे आहेत. भाकरीने एक कोपरा भरतो, लाडवाने तीन भरतात. छत्तिसांतला एक जरी रिकामा राहिला, तरी मला उठवणार नाही. जास्त झालं तर होऊ दे, ढेकर देईन. आणि तिसरं, माझी दाढ किडलीय. लाडू दहाच्या आत हवेत. दहावा लाडू खाल्ला की दाढ ठणकलीच."

राजा घरी आला आणि त्याने दरबार भरवला.

आता त्या दरबाराची एक जुनी रीत होती. प्रश्न आला की त्याचे तुकडे करायचे आणि एकेका जाणत्याला एकेक तुकडा द्यायचा. ज्याला जो तुकडा मिळाला, त्याने तेवढाच बघायचा. दुसऱ्याच्या तुकड्यात डोकावलं तर त्याचा अपमान! आणि बोलायची पाळी दाढीप्रमाणे. सगळ्यांत पांढरी दाढी सगळ्यांत आधी.

सगळ्यांत पांढरी दाढी होती शेवंतीच्या आजोबांची. त्यांच्या वाट्याला बोटं आली.

"वीस बोटं, वीस भाकऱ्या," आजोबा म्हणाले. "यात विचार तो कसला करायचा?"

शेवंती मागून ओरडली, "आजोबा, आणि पोट?"

"पोट प्रधानांकडे आहे," आजोबा म्हणाले. "तू गप्प बस."

आजोबा वीस भाकऱ्या गाडीत घालून निघाले. एकेक भाकरी गाडीच्या चाकाएवढी! घोरासुराने त्या एकेका बोटाला लावल्या आणि खाल्ल्या. मग पोट चाचपलं. "वीस कोपरे भरले. सोळा रिकामे!" असं म्हणून त्याने आजोबांना दोन बोटांत उचललं आणि आपल्या दाढीत खोचून दिलं. ती दाढी म्हणजे करवंदीची जाळी. आत गेलेलं बाहेर येईना.

मग गेले प्रधान. त्यांच्या वाट्याला पोट. एका लाडवाने तीन कोपरे भरतात, म्हणजे बारा लाडवांनी छत्तीस. प्रधान खूश. बारा लाडू घेऊन गेले. पण घोरासुराची आठ बोटं रिकामी राहिली, आणि दहाव्या लाडवाला दाढ अशी ठणकली, की डोंगरावरचे दगड घरंगळले. प्रधानही दाढीत.

मग गेले राजवैद्य. त्यांच्या वाट्याला दाढ. त्यांनी पाच लाडू नेले, तुपात भिजवून लोण्यासारखे मऊ केलेले. दाढेला काही झालं नाही. पण बोटं पंधरा रिकामी आणि पोट तर निम्मंही भरलं नाही. वैद्यही दाढीत!

घोरासुर गरजला, "आणखी एकदा चुकलात, तर मी इथेच पाय पसरून निजेन. मग शंभर वर्षं हाका मारा!"

आता पुढची पांढरी दाढी कोणाची, म्हणून दरबारात सगळे एकमेकांच्या दाढ्या निरखायला लागले. इकडे शेवंतीला आजोबांचा राग आला होता, आणि त्या रागाच्या आत रडूही होतं. रोज तिला गप्प बसवणारे आजोबा. रोज तिच्या वेणीतलं फूल वाकडं झालं की सरळ करणारेही तेच आजोबा. ते आता राक्षसाच्या दाढीत लोंबकळत होते. ती उठून उभी राहिली.

"शेवंती, खाली बस," राजा म्हणाला. "अजून तुझी पाळी नाही."

"माझी पाळी यायची तर मला आधी दाढी यायला हवी, बाबा! तोवर आजोबा तिथेच राहणार का?"

आणि ती तरातरा निघाली, ती थेट मुदपाकखान्यात, म्हणजे राजाच्या स्वयंपाकघरात. तिथे गोदूमावशी भाकऱ्या थापत होती.

"मावशी, मला वीस छोट्या भाकऱ्या दे. आणि लाडू दे."

"भूक लागली का गं?"

"मला नाही, राक्षसाला."

शेवंतीने जमिनीवर वीस भाकऱ्या मांडल्या. "ही त्याची वीस बोटं. सगळ्या बोटांना भाकरी. आता पोटाचे किती कोपरे भरले, मावशी?"

"वीस."

"छत्तिसाला कमी किती?"

"सोळा. त्यातच तर तुझे आजोबा अडकले, बाई."

"आता बघ हं. ही एक भाकरी उचलते आणि तिच्या जागी लाडू ठेवते. बोट रिकामं राहिलं?"

"नाही."

"पोटात काय झालं?"

मावशीने पिठाचा हात कपाळाला लावला. "एक गेला, तीन आले. दोन कोपरे वाढले!"

"मग सोळा कोपरे भरायला असे किती लाडू बदलायचे?"

दोघींनी मिळून बदलले. दोन, चार, सहा... भाकरी उचल, लाडू ठेव. आठवा लाडू ठेवला आणि सोळा भरले. बारा भाकऱ्या, आठ लाडू. बोटं वीसच्या वीस, पोट छत्तीस, आणि लाडू दहाच्या आत.

"जमलं की गं!" मावशी म्हणाली. "भट्टी लावते."

"थांब, मावशी." शेवंती तशीच उकिडवी बसून राहिली. मग तिने आणखी एक भाकरी उचलली आणि नववा लाडू ठेवला. "बोटं अजून वीसच. पोटात अडतीस, म्हणजे दोन जास्त. दाढही शांत. हेही बरोबर."

"अगंबाई! मग खरं उत्तर कुठलं?"

"दोन्ही खरी. दहावा लाडू ठेवता येत नाही, आणि सातांवर थांबता येत नाही. मधल्या दोन्ही जागा आपल्याच."

"मग आठच कर. साखर वाचेल."

"आठ लाडू दिले तर तो उठेल आणि जाईल," शेवंती म्हणाली, "आणि दाढीतल्या आजोबांनाही घेऊन जाईल! तो ढेकर देईल असा बेत हवा, मावशी. नऊ कर."

मग भट्ट्या पेटल्या. चाकाएवढ्या अकरा भाकऱ्या झाल्या. घागरीएवढे नऊ लाडू झाले. शेवंतीने बैल जुंपले आणि भर दुपारी डोंगर चढली.

घोरासुराने तिला वरून खालपर्यंत पाहिलं. "ही कोण चिमणी? मोठी माणसं संपली वाटतं!"

"संपली नाहीत, तुमच्या दाढीत आहेत," शेवंती म्हणाली. "बोटं पुढे करा."

दाढीतून आजोबांचा आवाज आला, "शेवंते, परत जा! ऐक माझं!"

"नंतर ऐकते, आजोबा!"

एकेका बोटाला एकेक. वीस बोटं भरली, गाडी रिकामी झाली. घोरासुर आधी भाकऱ्या खात सुटला. मग लाडू. आठवा लाडू खाल्ला आणि तो म्हणाला, "अहाहा! एकच कोपरा उरला. शेवटच्या लाडवाचा तुकडा मोडतो आणि उठतो."

शेवंती टुणकन गाडीत चढली आणि ओरडली, "अहो, एका बोटाला एक अख्खा लाडू! तुमचीच अट."

घोरासुराने बोटाकडे पाहिलं. अट म्हणजे अट. त्याने नववा लाडू तोंडात टाकला. हळूहळू चावला. एक हात गालावर ठेवला. दाढ दुखली? नाही दुखली! लाडू पोटात गेला. पोट गुडगुडलं. आधी थोडं, मग जरा जास्त, आणि मग...

अशी ढेकर आली, अशी ढेकर आली, की घोरासुराची अख्खी दाढी पतंगासारखी आडवी उडाली! वैद्य उडाले ते बोरीच्या झाडात. प्रधान गवतात. आणि आजोबा थेट गाडीतल्या पेंढ्यात, शेवंतीच्या पायापाशी.

घोरासुर तृप्त होऊन उठला, कंबर ताणली आणि डोंगरापलीकडे निघून गेला. त्याच्यामागे झरा असा उसळला की खालच्या म्हशी आनंदाने हंबरल्या.

आजोबा पेंढा झटकत म्हणाले, "परत जा म्हटलं होतं ना मी?"

"म्हटलं होतंत."

"बरं झालं, ऐकलं नाहीस," असं म्हणून त्यांनी तिच्या वेणीतलं फूल सरळ केलं.

पुढे एकदा दरबारात नवा प्रश्न आला. प्रधान रीतीप्रमाणे त्याचे तुकडे करायला बसले. तेव्हा आजोबा म्हणाले, "तुकडा नको मला. अख्खा प्रश्न आणा, आणि शेवंतीला हाक मारा."

शेवंती आली. "आजोबा, दाढी तुमची पांढरी. आधी तुम्ही बोला."

"मागे मीच आधी बोललो होतो," आजोबा म्हणाले. "सरक जरा, मला बसू दे तुझ्याशेजारी. दोघं मिळून बघू."

मग ते सगळे पोटभर जेवले, पोटभर पाणी प्यायले आणि सुखात राहिले. तुमचे पाय आत घ्या बघू. पांघरूण ओढा. उद्याचं उद्या. निजा आता.