खापरी जमा

त्या राज्यात सगळी भांडीच राहत असत आणि पाणी फक्त एका बारवेत होते. बारवेला चौऱ्याऐंशी पायऱ्या होत्या. पाणी कोणाच्याच मालकीचे नव्हते. पायऱ्या मात्र एका तांब्याच्या हंड्याच्या होत्या. त्यामुळे भरून वर येणारे प्रत्येक भांडे हंड्यापुढच्या डोणीत ओंजळभर पाणी ओतून मगच घरी जाई. ही ओंजळ पायऱ्यांच्या डागडुजीसाठी, असे हंड्याच्या आजोबांच्या काळी ठरले होते. डागडुजी कुणी पाहिली नव्हती. हंडा रिकामा असलेलाही कुणी पाहिला नव्हता.

खालून सतरावी पायरी हलत होती आणि ते सगळ्यांना ठाऊक होते. उतरताना पोट रिकामे असे, पायरी दिसे, भांडी ती ओलांडून जात. चढताना भरल्या पोटाला स्वतःचे पाऊलही दिसत नसे. म्हणून चढणारे भांडे मनातल्या मनात पायऱ्या मोजी आणि सोळानंतर एक टांग लांब टाकी. मुलगी चालू लागली की आई तिला आधी सोळापर्यंत मोजायला शिकवी, अशी तिथली रीत होती. पायरी बसवून घ्या, असे हंड्याला सांगण्याची रीत मात्र नव्हती.

सावळी नावाची एक मातीची घागर होती. घरी तिचा बाप, जमिनीत अर्धा पुरलेला म्हातारा रांजण. त्याला जागचे हलता येत नसे. रांजण कोरडा पडला की तडकतो, म्हणून सावळी रोज पाच खेपा करून त्याला ओला ठेवी. एके सकाळी ती चौथी खेप घेऊन चढत असताना वरून कळशीने हाक मारली, "सावळे, बाबा कसे आहेत गं?" सावळी म्हणाली, "बरे आहेत," आणि पंधरा झाल्या की सोळा, ते विसरली. पायरी हलली. सावळी नऊ पायऱ्या गडगडत गेली आणि तिच्या बुडाजवळची विड्याच्या पानाएवढी खापरी निघाली.

वडाखाली लाखेची एक कांडी बसे. फुटक्यांची सांधेजोड हा तिचा धंदा. तिने खापरी भोकाला लावून पाहिली.

"बसतेय नीट. सांधून देईन. पण सांधलेली घागर अर्धीच भरायची हं, बाई. पुऱ्या भाराला ती टिकत नाही."

अर्धी भरायची म्हणजे पाचाच्या दहा खेपा. दहा खेपा करायला दिवस पुरला नसता. सावळीला रडू आले आणि रडता रडता रागही आला. जन्मभर तिने डोणीत ओंजळ ओतली होती. तिने ठरवले, न्यायसभेत जायचे आणि बुडालेले पाणी मागायचे. सांधून गेलीस तर फुटली होतीस हे कोण मानेल, असे चार जणींनी सांगितले. म्हणून ती तशीच, भोकासकट गेली.

न्यायसभेत एक दगडी उखळ निवाडा करी. दाराशी लांब दांड्याचे, पाणी काढायचे ओगराळे बसे. ते तिथले कारकून. सावळीने त्याला भोक दाखवले.

"भोक म्हणजे नसलेली वस्तू," ओगराळे म्हणाले. ते उद्धट नव्हते, उलट समजावून सांगत होते. "नसलेली वस्तू दप्तरात कशी ठेवणार? असलेली काही आणलीय का?"

सावळीने खापरी दिली. ओगराळ्याने ती फडक्यात बांधली, वर मोहोर उठवली आणि लिहिले, 'खापरी जमा'. निकाल लागेपर्यंत ती आता सभेची होती.

सभेची भांडी पाहणीला येणार त्याच्या आदल्या दिवशी हंड्याने सतरावी पायरी बदलून टाकली. वर पाटी लावली, 'सांभाळून चढावे'. पाटीला धूर दाखवून ती जुनीही केली. पाहणीत पायरी उत्तम आढळली. चोर तो चोर आणि वर शिरजोर म्हणतात, पण हंडा शिरजोरीही करत नव्हता. तो सावळीची चौकशी करी, हळहळे आणि मान हलवी.

त्याच्या बाजूने चाळण उभी राहिली. तिच्या अंगाला दोनशे भोके होती, पण ती एका भोकाविषयी सकाळपासून दुपारपर्यंत बोलू शके. तिने विचारले, पायरी हलते हे तुला ठाऊक होते का? सावळी म्हणाली, होते. मग ठाऊक असून पाय ठेवलास, चूक तुझी. सावळी गोंधळली आणि म्हणाली, त्या क्षणी ध्यानात नव्हते. मग बेसावध होतीस, चूक तुझीच. शिवाय भोक आधीचेच नसेल कशावरून?

साक्षीला कळशीला बोलावले. कळशीने खाली पाहत सांगितले, "मी पाठमोरी होते." तिला रोज त्याच पायऱ्या चढायच्या होत्या. त्या दिवसापासून ती सावळीच्या घरावरून जाईनाशी झाली.

पहिले काही दिवस शेजारणींनी रांजणात घोट घोट ओतला. मग डोणीपाशी हंडा त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहू लागला आणि घोट थांबले. सभेच्या तारखा पडत राहिल्या. उखळ कधी ओले असे, कधी दुसऱ्याचे कुटत असे. रांजणातले पाणी गळ्याखाली गेले, पोटाखाली गेले. सावळी त्याच्या अंगाला अंग लावून बसे. दुसरे काही तिच्या हातात नव्हते.

"पोरी," रांजण एकदा म्हणाला, "आत कुठंतरी टिचल्यासारखं वाजतंय."

सावळीचे अवसान तिथेच गळाले. हंड्याने निरोप धाडलेलाच होता: पायरी चांगली होती असे लिहून दे, दावा मागे घे, खापरी घेऊन जा. ती धावत न्यायसभेत गेली. तिला न्याय नको होता, पाणीही नको होते. दिवसाला दहा खेपा करीन, दिवस पुरला नाही तर धावत करीन, फक्त माझी खापरी द्या, असे म्हणत तिने ओगराळ्याच्या नाकदुऱ्या काढल्या.

ओगराळ्याने दप्तर चाळले. "दावा मागे घेता येईल. खापरीचं तसं नाही. ती आता पुरावा आहे. निकालाशिवाय पुरावा सोडता येत नाही, आणि दावा मागे घेतलास तर निकालच नाही."

"म्हणजे मग कधीच नाही?"

"मी कुठं तसं म्हणालो?" ओगराळे म्हणाले.

सावळीने दावा चालू ठेवला. रांजणाच्या तळाशी वाटीभर ओल उरली होती, त्या दिवशी निकाल लागला. सावळी जिंकली. उखळाने स्वच्छ शब्दांत सांगितले की एवढ्या पायऱ्यांत ही एकच नवी आहे, म्हणजे जुनी हलत होती, ओंजळ घेऊन डागडुजी केली नाही, दोष हंड्याचा. नव्वद मापे पाणी भरपाई. हंड्याने मान लववली आणि पाणी ताबडतोब आणवले. सभेतली भांडी एकमेकांवर आपटून खणखणली. सावळीला हुंदका आवरेना. सुखाचा हुंदका असा असतो हे ती विसरूनच गेली होती.

"माझी खापरी?" तिने विचारले.

"हंड्याला वर दाद मागायला सहा महिन्यांची मुदत आहे," ओगराळे म्हणाले. "तोवर पुरावा इथेच. भरपाई मात्र आजच घ्यायची. आज घेतली नाही तर हक्क सोडला असं धरतात."

"मग ते पाणी माझ्या बाबांच्या रांजणात ओता. जवळच आहे घर. मी पाया पडते तुमच्या."

"रांजण या दाव्यात पक्षकार नाही. भरपाई वादीच्याच पोटात ओतली पाहिजे." असे म्हणून ओगराळ्याने पहिले माप उचलले. ते कामात चोख होते. एकही थेंब बाहेर सांडू न देता ते नेमके तिच्या तोंडात ओतत होते आणि मोठ्याने मोजत होते. सावळीने भोक भिंतीला दाबून धरले, जमिनीला दाबून धरले. पाणी आले तसे गेले. चाळीस झाली, साठ झाली. कागदावर 'भरून पावले' असे आधीच लिहून ठेवले होते.

ते पाणी फरशीवरून दाराकडे निघाले, उंबऱ्यावरून उतरले आणि बाहेर ताटकळलेल्या फुटक्या भांड्यांच्या रांगेपर्यंत गेले. कुणाचा काठ उडाला होता, कुणाचे बूड गेले होते. न्यायसभेच्या दारातून एवढे पाणी वाहत येताना त्यांनी कधी पाहिले नव्हते.

"मिळतं गं बाई," रांगेतली पहिली म्हणाली, "खरंच मिळतं!"

आत सावळीने किंचाळून काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, पण तिच्या तोंडात तेव्हा शेवटचे माप ओतले जात होते. बाहेर रांग आनंदाने पुढे सरकली. ज्याने त्याने आपापली खापरी पदराआडून काढली आणि दाराकडे पुढे केली.