वेलोबाच्या जटेतली गाठ

दोन चंद्रांचा एक देश होता. तिथली झाडं मनात आलं तर उठून चालायची, रुसली तर शेजाऱ्याच्या बांधावर जाऊन बसायची. त्या देशात हैबती नावाचा माणूस राहायचा, त्याची बायको भागू आणि लेक उजी. आणि रानाच्या पोटात, जिथं पायवाटा संपतात तिथं, गिरजामाई नावाची म्हातारी राहायची. तिच्याजवळ वेलोबा होता. रानाचा देव.

"...आणि एवढं सगळं पाठ असून तो मला का पावत नाही, तेवढं सांगा," हैबती म्हणत होता. आल्यापासून तो बोलतच होता.

गिरजामाई शेंगा सोलत होती.

"काय काय पाठ आहे?"

"वेलोबाची सगळी नावं. उगवतीची, मावळतीची, पानगळीची निराळी. आमच्या मुलखात माझ्याएवढी कुणाला येत नाहीत."

"मग मार की हाक."

हैबतीनं खड्या आवाजात नावं घेतली. एकात एक गुंफून, कुठं न अडखळता. रानात पान हललं नाही.

"बघा. ऐकतच नाही."

"ऐकलं असेल. ओ द्यायची तर मान वर करावी लागते."

हैबतीला ते कळलं नाही. कळल्यासारखी मान मात्र त्यानं हलवली.

"तुझं अडलंय काय?" माईनं विचारलं.

तेव्हा कुठं त्याचा आवाज खाली आला.

"लेक..."

त्या देशात पोर जन्मलं की दाराशी आपोआप एक झाड उगवायचं. झाड हिरवं तर पोर बरं. उजीच्या झाडानं अवेळीच पानं टाकली, आणि उजी अंथरुणाला खिळली. बोलेना, खाईना. नुसती दाराकडं बघत पडलेली. भागूनं पाणी घातलं, आपलं लुगडं फाडून बुंध्याला गुंडाळलं. हैबती निघाला तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "वाटेत नावं आठवत बसू नका. लवकर या."

"म्हणजे गाठ मारायला आलास," माई म्हणाली.

"हो."

तिथली रीतच होती तशी. वेलोबाच्या जटा म्हणजे वेलीच. ज्याला काही मागायचं त्यानं जटेला गाठ मारायची. घराघराची गाठ बांधायची तऱ्हा वेगळी, बघितल्याबरोबर ओळखू यावी अशी. मागितलेलं मिळायचं, पण गाठ सोडायला कुणी येत नसे. गाठ सुटली की दिलेलं परत जातं, असं सगळे धरून चालले होते.

माई उठली. "चल."

वेलोबा बसला होता. टेकडीएवढा. मांडीवर शेवाळ, छाती सावकाश वरखाली होणारी. मान मात्र अशी वाकलेली की कपाळ मातीला टेकलेलं. जटा चहूकडं ताणलेल्या, झाडांना, दगडांना, आणि गाठीवर गाठ, गाठीवर गाठ.

हैबती जागा शोधत हिंडला. ऊन कलंडलं.

"माई, मोकळी जागाच नाही."

"नाही."

"मग मी बांधू कुठं?"

माई देवाच्या कानावरची बुरशी पुसत राहिली.

"एखादी सोडली तर... जुनी असेल, कुणाची तरी..."

"सोड."

हैबतीनं हात पुढं केला. गाठ कुठल्या घरची, कोण जाणे. कुणाची गेलेली दृष्टी परत आली असेल हिच्यानं, कुणाचं तान्हं वाचलं असेल.

त्यानं हात मागं घेतला.

"दुसऱ्याच्या घरातलं काढून माझ्या घरात कसं नेऊ?"

माईनं तेव्हा पहिल्यांदा त्याच्याकडं नीट बघितलं.

आणि मग त्याला ती दिसली. डावीकडं दोन फास, टोक आतल्या बाजूला दडवलेलं. त्याच्या घरची गाठ. त्याच्या बापानं मारलेली. पोर होत नव्हतं म्हणून. 'मी देवाकडून मागून घेतलेला,' असं हैबती आजवर छाती काढून चारचौघांत सांगत आला होता.

त्यानं गाठीवर बोट ठेवलं.

"माई... ही सोडली तर मी राहीन का?"

"मला काय ठाऊक?"

"तुम्ही गुरू ना?"

"कुणी सांगितलं? मी इथं बसते."

हैबतीनं पायताणं काढून बाजूला ठेवली.

"भागूला निरोप द्याल?"

"काय सांगू?"

"वाटेत नावं आठवत बसला नाही म्हणावं."

गाठ पावसापाण्यानं दगड झाली होती. बोटांनी सुटेना. त्यानं दात लावले. वेलीचा कडू चीक जिभेवर उतरला. एक फास सैल झाला, मग दुसरा. वेल सळकन हातातून निसटून गेली. हैबतीनं डोळे घट्ट मिटून घेतले.

काही झालं नाही.

डोळे उघडले तर वेलोबाचं कपाळ मातीपासून वीतभर वर आलेलं. एक डोळा किलकिला झालेला. कडेला माती, पापणीवर शेवाळ. तो डोळा त्याच्याकडंच बघत होता.

अशी नजर हैबतीनं घरी बघितली होती. अंथरुणातून दाराकडं लागलेली.

एवढी नावं पाठ होती. एकही ओठावर येईना.

"कधीपासून बसलायस रे बाबा असा?" त्यानं विचारलं.

हैबती त्याच्या कपाळाची माती खांद्यावरच्या पंच्यानं पुसत राहिला. पुसून झाली तरी तिथंच बसला. सावल्या लांबत गेल्या.

शेवटी माई म्हणाली, "अरे, तुझी गाठ मारायची राहिली."

हैबतीनं त्या मोकळ्या वेलीकडं बघितलं. हातात घेतली. आपल्या घरच्या तऱ्हेनं एक फास घालायला बोटं वळलीसुद्धा.

"राहू दे," तो म्हणाला. "आत्ताच तर सुटलाय."

आणि पायताणं हातात घेऊन, ढसाढसा रडत, तो घरच्या वाटेला लागला.

भागू दारातच होती.

"मारलीत गाठ?"

"नाही."

तिनं पदर तोंडात धरला आणि झाडाच्या बुंध्याला पाठ लावून बसून राहिली. दिवस तसेच गेले. दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. मग एका सकाळी भागू पाणी घालायला वाकली आणि तांब्या तिच्या हातून पडला. फांदीला पान होतं. पोपटी, नखाएवढं.

"आई," आतून आवाज आला, "भाकरी दे ना. भूक लागली."

असं त्या घरात सुख आलं. झाडाला एवढी पानं आली की उंबऱ्यावर सावली पडायला लागली, आणि उजी दिवसभर त्या सावलीत उड्या मारायची.

फुलांचा महिना आला तशी तिघं रानात आली. उजी पुढं पळाली. वेलोबाला घाबरली नाही, काही नाही. त्याच्या कानाला तोंड लावून तिनं जे सुरू केलं ते थांबेचना. शेळीला पिल्लं झाली, माझा दात पडला, आईनं गुळाच्या पोळ्या केल्या, बाबा आता नावं घेत नाही, गाणी म्हणतो पण वाईट म्हणतो...

वेलोबाचे खांदे थरथरायला लागले. शेवाळातून पाणी झिरपलं. सगळ्या जटा हलल्या.

हैबती घाबरला. "माई, काय होतंय त्याला? दुखतंय का कुठं?"

गिरजामाईनं उजीच्या पाठीवर हात ठेवला.

"हळूहळू सांग, बाळ. सुखाचं ऐकायची त्याला सवय नाही."