ओदीलबाईकडे थांबलेली पाहुणी

एकदा काय झालं, आपल्याकडे पाडव्याला कडुनिंब कोवळ्या पालवीनं भरतो ना, त्या दिवसांतली ही गोष्ट. पण आपल्याकडची नाही बरं का. पार लांबची, फ्रान्स देशातली. तिकडे त्या दिवसांत थंडी अजून पाय रोवून असते. झाडांवर पान म्हणून नसतं.

तिथं डोंगराच्या पायथ्याला मोर्वाल नावाचं एक गाव होतं. दगडी घरं, छोटीशी नदी, टेकडीवर पडका किल्ला. गावात ओदील नावाची एक बाई राहायची. नवरा वारला होता. मुलं शहरात गेली, ती तिकडचीच झाली. शेजारच्या घरांनाही एकेक करून कुलपं लागली.

तिकडे रीत अशी, की रविवारी जेवणं झाली की माणसं फिरायला निघतात. कुणी नदीवर, कुणी किल्ल्यावर. ओदीलबाई नवऱ्याबरोबर जायची. आता एकटीच जाई. वाटेत एखादं फूल दिसलं की पटकन म्हणायची, "अगबाई, बघा तरी!" आणि बाजूला कुणीच नसायचं. मग ती गप्प होऊन पुढं चालायची.

एका वर्षी काय झालं, थंडी संपतासंपता एक बाई तिच्या दाराशी आली. धड म्हातारी नाही, धड तरुण नाही. अनवाणी. टाचा चालून चालून भेगाळलेल्या. म्हणाली, "घोटभर गरम काही मिळेल का?"

ओदीलबाईनं तिला चुलीपाशी बसवलं, कांद्याचं सूप दिलं. आणि सहज खाली बघते तर काय! पाहुणीची पावलं जिथं उमटली होती, तिथं फरशीच्या फटीतून हिरवे कोंब वर येत होते.

"कोण गं बाई तू?"

"मी चालते तिथं वसंत येतो," पाहुणी म्हणाली. "माझं कामच ते. दक्षिणेकडून निघते, या डोंगरापलीकडे जाते. दर वर्षी तुझ्या दारावरूनच जाते मी."

"मग तुझ्यासारखी भाग्याची तूच. केवढी फुलं बघत असशील!"

पाहुणी हसली नाही. म्हणाली, "मी येते तेव्हा सगळं उघडंबोडकं असतं. फुलतं तोवर मी पुढं गेलेली असते. मागं वळले की पाऊल थांबतं, म्हणून वळायचं नाही. माझी फुलं मी कधी बघितलीच नाहीत गं."

ओदीलबाईनं तिला आणखी सूप वाढलं. ती म्हणाली, "मग थांब ना थोडी. मी दाखवते तुला."

आणि पाहुणी थांबली.

मग पहिल्यांदा दोघी नदीवर गेल्या. काठ पिवळ्या रानफुलांनी नुसता माखला होता. पाहुणी खाली बसली, एकेका फुलाला बोट लावून बघत राहिली. मग दोघी किल्ल्यावर गेल्या. पडक्या भिंतीतून जांभळे झुबके लोंबत होते, बुरुजावर पाखरांनी कलकलाट मांडला होता. ओदीलबाई म्हणाली, "अगबाई, बघ तरी!" आणि बाजूला पाहुणी होती! ती बघत होती!

मग तिसऱ्यांदा त्या चेरीच्या बागेत गेल्या. झाडं अशी पांढरी, जशा सावरीच्या म्हाताऱ्या हजारोंनी उडत येऊन बसाव्या. पाहुणीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "हे मी केलं?" ती पुन्हा पुन्हा विचारत होती. "खरंच मी?"

त्या दिवशी ओदीलबाईनं मनाशी ठरवलं, हिला आता जाऊ द्यायचं नाही.

पण ऐका हं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणी आत झोपलेली असताना दार वाजलं. बाहेर सोलांज उभी होती. वरच्या डोंगरातल्या गावची धनगरीण. ओठ थंडीनं फुटलेले, काखेत एक कोकरू.

ती म्हणाली, "ओदीलबाई, तुमच्याकडे सगळं हिरवं झालंय, आणि आमच्याकडे बर्फ हलायला तयार नाही. वैरण संपली. छपराचा पेंढा उपसून घालतोय मेंढ्यांना. त्यांना दूध नाही. दोन कोकरं काल गेली. असं का होतंय हो?"

असं का होतंय ते ओदीलबाईला ठाऊक होतं. पण तोंडातून भलतंच निघालं. "होईल हो. उशीर होतो एखाद्या वर्षी."

तिनं घरात होतं तेवढं गवत बांधून दिलं. सोलांज चढण चढून दिसेनाशी झाली. ओदीलबाई ताटावर बसली, पण घास उतरेना. पांढरा स्वच्छ पाव, पण मातीसारखा लागायला लागला. शेवटी ती उठली आणि पाहुणीपाशी गेली.

"वर कोकरं मरतायत," ती म्हणाली. "तुला मी अडकवून ठेवलंय. जा तू."

पाहुणीनं पांघरूण बाजूला सारलं. मग म्हणाली, "मलाही कळत होतं. निघवत नव्हतं, एवढंच."

"चल. मी येते तुझ्याबरोबर. तू पुढं बघून चाल. मागचं मी बघते, आणि तुला सांगते."

मग दोघी निघाल्या. पाहुणी पुढं, ओदीलबाई मागं. पाहुणीचं पाऊल पडलं की बर्फ विरघळे, मातीतून गवत वर येई. आणि ओदीलबाई म्हणे, "आता पांढरी फुलं आली गं, इवलीइवली. आता ओढा वाहायला लागला. आता त्या वठलेल्या झाडाला लाल अंकुर फुटले." पाहुणी मान न वळवता ऐके आणि चाले.

वरच्या गावात पोचल्या तेव्हा मेंढ्यांना गवताचा वास लागला होता. गोठ्याचं दार उघडताच त्या गवतावर तुटून पडल्या. सोलांज मटकन खाली बसली आणि हसायलाच लागली.

पुढं खिंड आली. तिथून पलीकडचा मुलूख सुरू होत होता. पाहुणीनं न वळताच हात मागं केला. ओदीलबाईनं तो दोन्ही हातांत धरला. किती उबदार होता तो हात! मग सोडला. पाहुणी उतरत गेली आणि दिसेनाशी झाली.

ओदीलबाई परत फिरली. सगळीकडे फुलं होती. "आता निळी आली गं," ती म्हणाली. ऐकायला कुणी नव्हतं. तरी ती सांगतच राहिली, खिंडीखालचं सोलांजचं गाव येईपर्यंत.

वाटेवर सोलांज उभी होती. "कुणाशी बोलताय हो, बाई?"

"कुणाशी नाही. तुझी कोकरं का मेली ते मला माहीत होतं, सोलांज." आणि तिनं सगळं खरं खरं सांगितलं.

सोलांजनं पाठ फिरवली. रागावली असेल, नाही का? रागावलीच. पण मग तिनं ओदीलबाईचे भिजलेले पाय बघितले. म्हणाली, "आत या. आई मेलेलं एक कोकरू आहे, बाटलीनं दूध पाजायचंय. मला हात पुरत नाहीत."

ओदीलबाई आत गेली. त्या उन्हाळ्यात ती तिथंच राहिली, थंडी पडल्यावर खाली आली, आणि पुढच्या वर्षी पुन्हा वर गेली. मेंढ्या वाढल्या, कोकरं धडधाकट झाली, सगळी माणसं पोटभर जेवली आणि सुखात राहिली.

झालं. डोंगर झोपला, मेंढ्या झोपल्या. आता पांघरूण ओढा, आणि तुम्हीही मिटा बरं डोळे.