भिंतीपलीकडचे प्रेक्षक

शुद्धलेखनात चुकलो असेन, शब्दही साधेच आहेत. तेवढं सांभाळून घ्या.

फौंड्र्या बंद पडल्यापासून कोल्हापुरातल्या जुनी वेस तालमीच्या फुटबॉल संघाच्या मॅचला तिकीट काढून कोणी येईना. मैदानावर पांढऱ्या फक्कीच्या रेषा मारणारे दौलूमामा रिकाम्या पायऱ्या बघूनच थकून जायचे. त्या रविवारी मॅचआधी अध्यक्ष उदाजीराव म्हणाले, "बघायला उरलंय कोण? आज संघ मोडतो."

"मोडा की साहेब," मामा हळूच म्हणाले. "फक्त माईकवरनं सांगा. एकानं जरी नको म्हटलं, तर संघ ठेवायचा."

"कबूल! या पायऱ्या बोलणार व्हय?" अध्यक्ष हसले आणि माईकवर गरजले, "आजपासून आपला संघ बंद!"

भिंतीपलीकडच्या गच्च्यांवरून, झाडांवरून, पाण्याच्या टाकीवरून एकच गलका उठला, "ओ अध्यक्ष, आधी तुमचं भाषण बंद करा! संघ ऱ्हाणार!"

उदाजीरावांनी माईक खाली ठेवून गच्च्यांकडे पाहिलं.

"माणसं हाईत तिथंच हाईत, साहेब," मामा म्हणाले. "तिकीट परवडंना म्हणून तिकडनं बघत्यात. आपण मान वर केली न्हाई, इतकंच."

संघ राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी मैदानाच्या फाटकाचं कुलूप कायमचं काढून खिशात टाकलं आणि कंबर धरत फक्कीचं घमेलं उचललं.