ठकूबाईची चढण

फार फार पूर्वी एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि त्या गावात ठकूबाई नावाची सुईण राहत होती. तिच्या हाताला यश होतं. अडलेल्या बाळंतिणी तिच्या हाती सुखरूप सुटायच्या. गावातली निम्मी पोरं तिच्याच हातावर जन्मली होती.

सुईणीला उपाशी पाठवायचं नाही, ही त्या मुलखाची रीत. ठकूबाई ज्या घरी जाई, तिथे तिला तुपातला शिरा मिळे, हळिवाचे लाडू मिळत, बारशाच्या घुगऱ्या मिळत. घरी नेण्यासाठी बांधून दिलेलं निराळंच. वीस वर्षं हे चाललं, आणि ठकूबाई चांगलीच जड झाली.

गावाच्या वर, डोंगरावर, एक वाडी होती. तिथे जायची वाट एका माणसापुरती, तीही खडकातून. डोली जायची नाही. एके दिवशी वाडीवरचा एक माणूस धावत आला. त्याची बायको अडली होती. ठकूबाई तशीच निघाली. पण ओढा ओलांडून करवंदीच्या जाळीपर्यंत जाते न जाते, तोच तिचा श्वास कोंडला. बसली, उठली, पुन्हा बसली. गुडघे काही ऐकेनात. शेवटी ती मागे फिरली.

वर बायकांनी जमेल तसं केलं. बाळ वाचलं, पण आई दोन महिने अंथरुणाला खिळून राहिली. ठकूबाईला कुणी एका शब्दाने बोललं नाही. तेच तिच्या जिव्हारी लागलं.

दुसऱ्याच दिवशी ती वैद्यबुवांकडे गेली. म्हणाली, "बुवा, मला हलकी करा."

वैद्यबुवा म्हणाले, "गोड बंद. तूप चमचाभर. ज्वारीची भाकरी, भाजी, ताक. आणि रोज सकाळी वाडीची वाट चढायची, जमेल तिथपर्यंत."

"एवढंच?"

"एवढंच. पण रोज."

वाण्याच्या दुकानात धान्याची पोती तोलायचा मोठा तराजू होता. ठकूबाई एका पारड्यात बसली. दुसऱ्यात वाण्याने वजनं टाकली. दोन मण चौदा शेर भरलं. बाजारचा दिवस होता, सगळं गाव बघत होतं. ठकूबाई पारड्यातून उतरली आणि सरळ घरी गेली.

दिवाळी नुकतीच झाली होती. शिमग्यापर्यंत तिने दहा शेर वजन उतरवलं. करवंदीची जाळी मागे पडली. अर्ध्या वाटेवर एक सपाट कातळ होता, तिथपर्यंत ती जाऊ लागली. धापा टाकत का होईना, पण जाऊ लागली.

आणि मग पारडं रुसलं.

एक आठवडा झाला, दोन झाले, पाच झाले. दर बाजारी ठकूबाई तराजूत बसे आणि वाणी तेच सांगे, "दोन मण चार शेर."

"नीट बघ की!"

"नीटच बघतोय, बाई."

"मग तुझा तराजू बिघडलाय."

"सगळा गाव याच तराजूवर धान्य नेतो," वाणी वैतागून म्हणाला. "तेवढा तुझ्यापुरताच कसा बिघडेल?"

त्यात सल्ले देणाऱ्यांना ऊत आला. शेजारीण म्हणाली, रात्रीचं जेवूच नको. चुलत सासू म्हणाली, नुसतं दूध पी. कुणी म्हणालं, "आता पुरे, गाल बसले तुझे." त्याच दिवशी दुसरं कुणी म्हणालं, "करतेस म्हणे काहीतरी? दिसत तर नाही!" नवरा केरबा बिचारा काहीच बोलायचा नाही, फक्त तिच्यासमोर बसून गुळपोळी खायचा. ठकूबाईला सगळ्यांचा राग यायचा, पण सर्वांत जास्त त्या पोळीचा.

सहाव्या आठवड्यात एका बारशाला तिने चार लाडू खाल्ले. घरी येऊन आणखी दोन खाल्ले. दुसऱ्या सकाळी ती चढायला गेलीच नाही. तिसऱ्याही सकाळी नाही. आठ दिवसांनी वैद्यबुवा दारात उभे राहिले.

"काय गं, पाय मोडले का?"

"बुवा, तुमची भाकरी तुम्हीच खा," ठकूबाई कडाडली. "पाच आठवडे झाले, शेरभर वजन हलत नाही. मी माणूस आहे, बैल नाही, नुसतं चालत राहायला."

वैद्यबुवांनीही कपाळावर हात मारला. "मग मी काय तुझ्या पोटात शिरून बसू? बस घरात!" असं म्हणून ते तरातरा निघून गेले.

त्याच दिवशी वाडीवरची धोंडाई खाली आली. तिची सून गरोदर होती, आठवा लागला होता. मागच्या त्या प्रसंगापासून वाडीवरच्या बायका आठव्या महिन्यात खाली येऊन राहत. पण या सुनेला चक्कर येत होती, पाय सुजले होते. तिला जागचं हलवू नका, असं वैद्यबुवांनी बजावलं होतं.

"सुईणबाई, वेळ आली की वर येशील ना?" धोंडाईने विचारलं.

"मला नाही जमायचं."

"पण तू रोज चढतेस, असं ऐकलं."

"कातळापर्यंत! आणि तिथे जीव जातो माझा. पाच आठवडे पारडं हललेलं नाही, धोंडाई. खोटं वाटतं तुला? चल, डोळ्यांनी बघ माझी गत. म्हणजे पुन्हा कुणी मला विचारायला येणार नाही."

आणि रागारागात ठकूबाई वाटेला लागली. मागून धोंडाई.

ठकूबाईचं तोंड सुरू झालं, ते थांबेना. तराजूला बोलून झालं, वाण्याला बोलून झालं. शेजारणीचा रात्रीचा उपास काढला, चुलत सासूचं दूध काढलं, केरबाची गुळपोळी तर दोनदा काढली. वैद्यबुवांच्या पाठ फिरवून जाण्याची तिने नक्कलही करून दाखवली. धोंडाई मागून नुसती हं हं करत होती.

मग धोंडाईचंच हं हं बंद झालं. ठकूबाईने वळून पाहिलं. धोंडाई कमरेवर हात ठेवून दम खात उभी होती.

"काय झालं?"

"जरा थांब गं बाई. तुझ्याबरोबर चढायचं म्हणजे... आणि वर बोलतेस कशी तू एवढं?"

"पण कातळ कुठं आला अजून?"

"कातळ?" धोंडाईने खाली बोट दाखवलं. "तो बघ. मघाशीच मागे पडला."

ठकूबाईने पाहिलं. कातळ खूप खाली राहिला होता. ती स्वतःवरच चिडून म्हणाली, "आणि मी मूर्ख, तराजूत बसून राहिले!"

पुढची चढण मात्र सर्वांत उभी होती. ठकूबाईने पाय टाकला, दहा पावलं गेली, आणि तिथे तिच्या मांड्या खरोखरच थरथरू लागल्या. ती एका दगडावर बसली. वर वाडीची कौलं दिसत होती.

"एवढीच राहिली," धोंडाई म्हणाली.

"एवढीच म्हणे! हीच तर खरी आहे," ठकूबाई करवादली. थोडा वेळ बसून उठली आणि खाली आली. घरी गेल्यावर केरबाला म्हणाली, "उद्यापासून पोळी परसात बसून खायची."

दुसऱ्या सकाळपासून ती पुन्हा चढू लागली. रोज आनंदाने गेली, असं मुळीच नाही. पुष्कळ सकाळी ती वाटेला शिव्या देत गेली. एकदा गुडघा दुखला, तेव्हा दोन दिवस बसली आणि तिसऱ्या दिवशी निघाली. एका लग्नात जिलेबी सुटली नाही. पण दुसऱ्या दिवशीची सकाळही तिने सोडली नाही. वाणी हाक मारायचा, "ठकूबाई, बसतेस का?" ती म्हणायची, "तूच बस."

ज्येष्ठातल्या एका भर दुपारी वाडीवरून सांगावा आला. धोंडाईच्या सुनेला कळा सुरू झाल्या होत्या. ठकूबाई उठली. उन्हाने खडक तापले होते. उभ्या चढणीवर ती दोनदा बसली, तिसऱ्यांदा बसायचं मनात आलं तेव्हा वरून सुनेचं ओरडणं ऐकू आलं, आणि ती बसली नाही.

बाळ पायाळू होतं. आधी पाय येत होते. दुसऱ्या कुणाच्या हाती काय झालं असतं, कोण जाणे. ठकूबाईने घामेजला चेहरा पुसला, हात धुतले आणि सुनेजवळ बसून म्हणाली, "पोरी, मी आले ना? आता मी सांगेन तेव्हाच जोर लाव." घटकाभर ती सांगत राहिली आणि सून जोर लावत राहिली. मग बाळ रडलं. मुलगी होती. आई दमून हसत होती.

ठकूबाई ओसरीवर पाय पसरून बसली. धोंडाई आली आणि तिचे पाय चेपत बसली. तेवढ्यात शेजारच्या घरची तरुण सून पदर सावरत पुढे आली. "मावशी, माझे दिवस श्रावणात भरतात. भर पावसात मला खाली उतरवायचं नाही. तू येशील ना?"

"श्रावणात?" ठकूबाईचे डोळे मोठे झाले. "त्या निसरड्या वाटेवरून? चांगला महिना शोधलास गं!"

सून बिचारी खाली मान घालून उभी राहिली.

"बरं, बरं. रडू नकोस," ठकूबाई उठता उठता पुटपुटली. "येईन."

आणि तिसऱ्या सकाळी ती पुन्हा वाट चढताना लोकांना दिसली.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: अर्ध्या वाटेवर मन कंटाळतं, चिडतं, रुसतं, त्याला खुशाल चिडू द्यावं, पण पाय थांबवू नयेत. आणि आपण किती पुढे आलो हे एकट्या तराजूला विचारू नये, कालपर्यंत जे जमत नव्हतं ते आज जमतं का, हे बघावं.